अन्नाच्या जन्माचा दाखला
(दूध वर्ज्य केलेल्या एका नागरिकाचे अनावृत पत्र)

माननीय अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय,



बालाघाटाच्या ज्या उघड्या, खडकाळ रांगांवर धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका वसलेला आहे, जेथे पावसाचा भरवसा धरता येत नाही आणि केवळ कोरडवाहू ज्वारीवर वर्षाची बेगमी होईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही, तेथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हशीच्या दुधावर आणि त्या दुधाच्या खव्यावर आपला संसार चालविला आहे. त्याच तालुक्यात कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण व देशभूषण या मुनिद्वयास तेथे मोक्ष प्राप्त झाला अशी जैन समाजाची श्रद्धा असून आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली छत्तीस दिवसांची सल्लेखना (अन्नत्यागाचे अंतिम व्रत) पूर्ण करून तेथेच देह ठेविला. यात्रेकरू डोंगरावर दर्शन घेतात आणि परतताना दुकानांतून खव्याचा खरपूस पेढा घेऊन जातात. अहिंसेचे स्मरण आणि दुधाचा गोडवा एकाच शिदोरीत बांधून नेण्यात कोणासही विसंगती वाटत नाही, आणि मलाही ती पुष्कळ वर्षे वाटली नव्हती. अशा या तालुक्यात खव्याच्या भट्टीच्या धगीत लहानाचा मोठा झालेला, त्याच भट्टीच्या उत्पन्नावर शिकून शिक्षकाची नोकरी मिळविलेला, आणि तरीही गेली अठरा वर्षे दूध, दही, तूप, खवा यांपैकी कशासही हात न लावणारा मी एक सेवानिवृत्त मनुष्य आहे. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर माझ्या सदसद्विवेकाने द्यावयाचे आहे, परंतु ते देण्यास लागणारी माहिती आपल्या प्राधिकरणाखेरीज दुसरे कोणी मिळवून देऊ शकत नाही, तो प्रश्न जाहीरपणे मांडावा म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे.

प्रश्न माझ्या पुतण्याचा आहे. तो पुण्यास अन्नतंत्रशास्त्र शिकतो. दिवाळीस गावी आला असता माझ्या ताटात खव्याची करंजी वाढलेली नाही हे पाहून तो म्हणाला, "काका, गाईम्हशीला हातसुद्धा न लावता केलेलं, पण आतलं प्रथिन मात्र अगदी दुधातलंच, असं चीज उद्या बाजारात मिळू लागलं तर तुम्ही खाल का?" पंगतीतील सर्वांची दृष्टी माझ्याकडे वळली. होय म्हणण्यास जीभ उचलेना आणि नाही म्हणण्यास कारण सापडेना, म्हणून मी त्याच्याकडे मुदत मागितली; आणि त्या मुदतीत जे वाचले, जे विचारले आणि जे आठवले, त्याचा हा तपशील आहे.

प्रथम पदार्थ कोणता ते सांगतो, कारण प्रयोगशाळेतील चीज म्हटले की रसायनांच्या बाटल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि वस्तुस्थिती तशी नाही. गाईम्हशीच्या दुधातील प्रथिनांचा सुमारे ८० टक्के भाग केसीनचा असतो. केसीनचे मुख्य प्रकार चार. कॅल्शियम व फॉस्फेट यांच्यासह त्यांचे अतिसूक्ष्म कण बनून दुधात तरंगत असतात, आणि आंबटाने अथवा रेनेट या विकराने ते एकमेकांस बिलगले म्हणजे दूध साकळते. चीज गरम होताच वितळते, ओढले असता त्याच्या तारा निघतात, हे सारे या केसीनचे काम. काजू, नारळाचे तेल किंवा स्टार्च यांपासून केलेल्या चीजला ते साधत नाही, याचेही कारण हेच. गाईच्या देहात हे प्रथिन कोणत्या क्रमाने रचावयाचे याचा आलेख तिच्या जनुकात असतो. तो आलेख आता विज्ञानास ज्ञात असल्यामुळे तसे जनुक यंत्रावर जुळविता येते, यीस्टसारख्या सूक्ष्मजीवात बसविता येते, आणि मग साखरेच्या द्रावणावर पोसलेला तो सूक्ष्मजीव पोलादी टाकीत दुधातले प्रथिन घडवू लागतो. ते गाळून वेगळे करावयाचे, त्यात वनस्पतिजन्य स्निग्धांश व क्षार मिसळावयाचे, आणि तेथून पुढे चीज करणाऱ्याची जुनीच कृती करावयाची, असा हा मार्ग आहे.

हे केवळ कल्पनेतले राहिलेले नाही. २०१४ साली कॅलिफोर्नियातील हौशी जीवशास्त्रज्ञांनी सामुदायिक प्रयोगशाळांत, लोकवर्गणीच्या आधाराने, असे चीज करण्याचा प्रकल्प आरंभिला. रायन पंड्या व पेरुमल गांधी यांनी त्याच वर्षी स्थापिलेल्या आणि पुढे परफेक्ट डे या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने बुरशीच्या एका जातीकडून दुधाच्या निवळीतील प्रथिन करवून घेतले, व त्याचे आइस्क्रीम अमेरिकेतील दुकानांत पोहोचले. याच कंपनीने २०२२ साली गुजरातेत कारखाना असलेली स्टर्लिंग बायोटेक ही कंपनी विकत घेतली, म्हणजे जी गोष्ट सातासमुद्रापलीकडची वाटत होती ती आमच्या शेजारच्या राज्याच्या दारात आली. केसीनचे काम अधिक बिकट. तरी तेही साधल्याचे न्यू कल्चर या कंपनीने जाहीर केले असून आपले केसीन खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा २०२४ साली तिने स्वतः दिला आहे.

या मार्गाची पहिली पावले तर आपण सर्वांनी नकळत केव्हाच टाकली आहेत. मधुमेह्यांना टोचले जाणारे इन्सुलिन एके काळी डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. १९८२ साली जीवाणूंकडून करविलेल्या मानवी इन्सुलिनास अमेरिकेत परवानगी मिळाली आणि त्यानंतर कत्तलखान्यावरील ते अवलंबन ओसरत गेले. चीज साकळविण्यासाठी लागणारे रेनेट पूर्वी दूधपित्या वासराच्या जठरातून घेत. १९९० साली सूक्ष्मजीवाने घडविलेला तोच विकर खाद्यपदार्थांत वापरण्यास अमेरिकेने मुभा दिली, आणि आज जगातील पुष्कळसे चीज त्यावरच तयार होते. त्या दोन्ही प्रसंगी शाकाहारी मनुष्याने समाधानाचा निःश्वास टाकला आणि पुढे त्या गोष्टीचा विचारही केला नाही. मग या नव्या चीजपाशीच माझ्यासारख्याचे मन का अडखळते? त्याचे कारण असे की इन्सुलिन हे औषध होते, रेनेट हे साधन होते, आणि हे मात्र साक्षात तेच अन्न आहे ज्याकडे आम्ही पाठ फिरविली. आम्ही नेमकी कशाकडे पाठ फिरविली, पदार्थाकडे की त्या पदार्थामागील कृत्याकडे, हे आजवर कोणी विचारले नव्हते, आणि दोन्ही एकत्रच नांदत असल्यामुळे आम्हांलाही ते ठरवावे लागले नव्हते.

माझ्यापुरते मी ते ठरवू पाहतो तेव्हा मला आमचा गोठा आठवतो. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा उतरतो, त्यामुळे दुधाचा थेंबन्‌थेंब कढईत जावा अशी सक्ती परिस्थितीच माणसावर करीत असे. वगार जन्मली तर उद्याची म्हैस म्हणून तिला पोटभर पाजीत. टोणगा जन्मला तर म्हैस पान्हवण्यापुरते त्याला आचळाला तोंड लावू देत आणि लगोलग ओढून खुंट्याला बांधीत, कारण आमच्याकडे शेतीची कामे बैलांवर चालत आणि टोणग्याचा त्यात काही उपयोग नसे. एका दुष्काळी वर्षी, मी बारा वर्षांचा असताना, असा एक टोणगा दावणीलाच मेला. म्हैस दूध देईना. तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्यात आले. तिने ते हुंगले, चाटले आणि ती पान्हवली. त्या वेळी चरवी धरून धार काढावयास मी बसलो होतो. माझे वडील निर्दय नव्हते. स्वतः अर्धपोटी राहून त्यांनी जनावरांना कडबा घातलेला मी पाहिला आहे, आणि चाऱ्याच्या छावण्यांत जनावरांपाशी रात्री काढणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना निर्दय म्हणण्याचा अधिकार शहरातील कोणासही नाही. तरीही ते दृश्य पोटात ठेवून मी तीस वर्षे पेढे खाल्ले, आणि एके दिवशी मला ते खाता येईनात. माझा त्याग तो एवढाच. त्यास मोठे तत्त्वज्ञान नाही.

परंतु सर्वच दुग्धत्यागी एका वाटेने आलेले नाहीत, आणि म्हणूनच या चीजविषयी त्यांचे उत्तर एक असणे शक्य नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनी व्हिगन हा शब्द प्रचारात आणला तेव्हा त्यांची भूमिका निव्वळ आहाराची नव्हती. प्राणी मनुष्याच्या उपयोगासाठी नाहीत आणि शक्य व व्यवहार्य असेल तेथवर त्यांचा वापर टाळावा, हा तिचा पुढे स्पष्ट झालेला गाभा होय. या गाभ्यास घट्ट धरून चालणारे काही जण म्हणतील की जनुकाचा आलेख का होईना, तो गाईकडूनच घेतला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गाईचे दूध हे माणसाचे अन्न होय ही जी समजूत मोडावयाची तीच या पदार्थाने दृढ होते. दुसरे म्हणतील की ज्या कृतीत एकही वासरू आईपासून तोडले जात नाही ती नाकारणे म्हणजे दुःख कमी करण्यापेक्षा स्वतःच्या शुद्धतेस अधिक जपणे होय. तिसरे प्रकृतीच्या कारणाने दूध सोडलेले. त्यांपैकी ज्यांना दुधातील शर्करा पचत नाही त्यांना ती शर्करा नसलेले हे चीज वरदान ठरेल, आणि ज्यांना दुधाच्या प्रथिनाचीच ॲलर्जी आहे त्यांच्या जिवावर ते बेतू शकेल. चौथे असे की ज्यांची रसनाच पालटली. वितळलेल्या चीजचा वासही त्यांना सोसत नाही, आणि कोणत्याही युक्तिवादाने तो सोसू लागणार नाही.

पाचवा पक्ष मला माझ्या आळीतच भेटला. आमच्या शेजारी एक वृद्ध श्राविका राहतात. त्यांनीही अलीकडे दूध सोडले आहे. हे चीज चालेल का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले, "भाऊ, तुम्ही म्हशीचं बघता, मी त्या टाकीतल्या जिवांचं बघते. वाढवायचे किती आणि काम झालं की टाकून द्यायचे किती?" हे उत्तर ज्यांना टोकाचे वाटेल त्यांनी लक्षात घ्यावे की दुधातील सूक्ष्म जीवांचा विचार जैन आचारधर्माने सूक्ष्मदर्शक यंत्र निर्माण होण्याच्या शतकानुशतके आधी केलेला आहे. दोहलेले दूध अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, तापवावे, लोणी तसेच ठेवू नये, कच्च्या दुधादह्याशी डाळ मिसळू नये, असे कालमर्यादेचे व संयोगाचे बारीक नियम आमच्या शेजारघरी आजही कसोशीने पाळले जातात. ज्या समाजाने विरजणाचीही अशी छाननी केली, तो यीस्टच्या टाकीची करणार नाही असे मानणे म्हणजे त्याच्या परंपरेविषयी अज्ञान प्रकट करणे होय. त्या बाईंचा नकार माझ्या होकाराइतकाच विचारपूर्वक आहे, आणि कायद्याने दोहोंचाही सारखाच मान राखला पाहिजे.

माझ्या होकारापर्यंत मला पोहोचविले ते महात्मा गांधींच्या आयुष्यातील एका प्रसंगाने. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, दूध सोडले. दूध हे विकारांना उद्दीपक असते हा त्यांचा एक विचार होताच, पण गाईम्हशींकडून अधिक दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या फुक्याच्या क्रूर प्रथेचे वर्णन वाचून त्यांचा निश्चय पक्का झाला. पुढे १९१८ साली ते भयंकर आजारी पडले, आणि दुधावाचून शरीर भरून येणार नाही असे मुंबईस डॉक्टर दलालांनी सांगितले, तेव्हा व्रत आड आले. त्या वेळी कस्तुरबांनी सुचविले की व्रत घेताना मनात गाईम्हशीचेच दूध होते, तर शेळीच्या दुधास हरकत कोणती? गांधीजींनी ते मान्य केले आणि ते जगले. परंतु आपण प्रतिज्ञेचे अक्षर राखले आणि तिचा आत्मा गमावला, ही रुखरुख त्यांनी आत्मकथेत निःसंकोचपणे नमूद करून ठेविली आहे. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्यात वाढलेल्या मला हा प्रसंग लहानपणापासून ठाऊक होता. त्याचा अर्थ मात्र या दिवाळीनंतर उमगला. या चीजच्या बाबतीत परिस्थिती अगदी उलट आहे. ते खाल्ल्याने माझ्या व्रताचे अक्षर मोडेल, कारण दुधाचे प्रथिन पोटात जाईल. पण माझे व्रत ज्याच्यासाठी होते त्या दावणीच्या टोणग्याशी मी केलेला करार मोडणार नाही, कारण त्या चीजमागे कोणताही टोणगा बांधलेला नाही. अक्षर आणि आत्मा यांपैकी एकच राखता येत असेल, तर मी आत्मा राखीन. म्हणून, महोदय, माझे उत्तर होय असे आहे.

पण हा होकार एका अटीवर अवलंबून आहे, आणि ती अट पुरी करणे माझ्या हाती नाही. दुग्धत्याग्याचा प्रश्न पदार्थ कोणता हा नसून तो कसा जन्मला हा आहे. आणि नव्या चीजची अडचण अशी की त्याचा जन्म त्याच्या देहावर लिहिलेला नाही. आमच्या भट्टीवर एका कोनाड्यात टिंक्चर आयोडिनची लहानशी बाटली असे. परगावचा खवा संशयास्पद वाटला की वडील त्याचा कण पाण्यात उकळून, निववून, त्यावर दोन थेंब टाकीत. निळा रंग उमटला की पिठाची भेसळ उघड होई. ही परीक्षा आपल्या प्राधिकरणानेही घरोघरीच्या तपासणीसाठी सांगितलेली आहे. परंतु गाईच्या दुधातून काढलेले केसीन आणि टाकीत घडविलेले केसीन यांतील भेद दाखविणारा कोणताही थेंब गृहिणीच्या हाती नाही आणि दुकानदाराच्याही नाही. जेथे जीभ, डोळा आणि घरगुती परीक्षा हे तिन्ही साक्षीदार निरुपयोगी ठरतात, तेथे कागद हाच एकमेव साक्षीदार उरतो. माणसाच्या जन्माचा दाखला सरकारी दप्तरातून मिळतो आणि त्यावर सर्वांचा विश्वास बसतो, तसा या अन्नाच्या जन्माचा दाखला आपणच दिला पाहिजे. अन्यथा आम्ही दुग्धत्यागी खाऊही शकणार नाही आणि साधार नाकारूही शकणार नाही.

आजची चिन्हे यास पुरी पडत नाहीत. हिरवा ठिपका दुधास मिळतो, म्हणून तो आमच्या प्रश्नास उत्तर देत नाही. पान धारण केलेले हिरवे व्ही अक्षर हे आपल्या २०२२ च्या व्हिगन अन्नविषयक विनियमांनी निश्चित केलेले चिन्ह त्याहून जवळचे आहे; घटक, विकर वा प्रक्रियेस साहाय्यक द्रव्य यांपैकी काहीही प्राणिजन्य नसावे, आणि निर्मितीच्या कोणत्याही टप्प्यावर ते वापरलेले नसावे, ही त्यातील व्याख्या स्वच्छ आहे. परंतु गाईच्या जनुकाचा आलेख पाहून यीस्टने घडविलेले प्रथिन प्राणिजन्य मानावयाचे की नाही, याविषयी व्याख्येच्या शब्दांतून दोन समंजस माणसे दोन अर्थ काढू शकतील, आणि असा अर्थ न्यायालयाच्या दारात ठरण्याऐवजी आपल्या विनियमांत ठरावा हे सर्वांच्या हिताचे आहे. यास्तव माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली अशी की या प्रथिनास व्हिगन चिन्ह देण्याचे ठरले तरी केवळ चिन्हावर भागवू नये. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस, त्या त्या राज्याच्या भाषेत, 'सूक्ष्मजीवांनी घडविलेले दुग्धप्रथिन, प्राण्यापासून घेतलेले नाही' अशा अर्थाचे वाक्य सक्तीचे करावे. त्यातील 'प्राण्यापासून घेतलेले नाही' हे शब्द मला होकार देऊ देतील आणि 'सूक्ष्मजीवांनी घडविलेले' हे शब्द माझ्या शेजारीण बाईंना नकार देऊ देतील.

दुसरी मागणी जिवाची आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईबाप आज व्हिगन चिन्ह पाहून निर्धास्तपणे वस्तू घेतात, कारण आजवर त्या चिन्हाच्या वस्तूत दूध नसे. उद्या त्याच चिन्हाखाली खरे केसीन आले तर त्यांचा विश्वासच त्यांचा घात करील. ॲलर्जीकारक घटक म्हणून दुधाचा उल्लेख करण्याची सक्ती आपल्या २०२० च्या वेष्टनविषयक विनियमांत आहेच. परंतु घटकांच्या यादीखालच्या बारीक अक्षरांवर न विसंबता, या पदार्थांपुरता 'दुग्धप्रथिन आहे' हा इशारा व्हिगन चिन्हाच्या शेजारी, त्याच आकारात छापला जावा.

तिसरी मागणी परीक्षांविषयी. व्हिगन विनियमांनी प्राण्यांवरील चाचण्या वर्ज्य केल्या आहेत, मात्र नियामक यंत्रणेनेच तशी तरतूद केली असल्यास अपवाद ठेविला आहे. दुसरीकडे, पूर्वी न खाल्ल्या गेलेल्या अशा नव्या अन्नास २०१७ च्या विनियमांखाली आपली पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि त्यासाठी विषबाधेसंबंधी पुरावा सादर करावा लागतो. जो पदार्थ प्राण्याला मुक्त करण्याच्या हेतूने निर्माण झाला तो परवानगीसाठी उंदरांच्या पिंजऱ्यातून जावा, हे आम्हांस व्यथित करते. प्राणिविरहित परीक्षांचा पुरावा जेथे पुरेसा असेल तेथे तो स्वीकारावा. आणि प्राण्यांवर चाचणी झालेलीच असेल तर ती बाब मंजुरीच्या जाहीर कागदपत्रांत स्पष्टपणे नमूद असावी, म्हणजे ज्याला त्या कारणास्तव नाकारावयाचे त्याला नाकारता येईल.

चौथी मागणी तपासणीची. कारखान्यात येणारे प्रथिन कोठून आले, कोणत्या खेपेत आले आणि कोणत्या मालात गेले, याची नोंदवही ठेवणे बंधनकारक असावे, आणि ती पाहण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास असावा. दुधातून काढलेले केसीन स्वस्त पडले की ते या नावाखाली खपविण्याचा मोह कोणास तरी होणारच. सणासुदीस खव्याच्या बाबतीत हा मोह किती जणांना होतो हे आमच्या प्रामाणिक खवाउत्पादकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नाही, कारण पिठूळ खव्याची बदनामी त्यांच्याच माथी येते.

आणि त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. मी दूध सोडले, माझ्या भावाने भट्टी सोडली नाही. त्याच्या घरचा पाहुणचार मी पाण्यावर आणि ज्वारीच्या भाकरीवर घेतो, आणि आम्हां दोघांच्या प्रेमात त्याने उणेपणा आलेला नाही. आपल्या मानकांनुसार खव्याच्या शुष्क भागात किमान ३० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. ती मर्यादा पाळण्यासाठी जो माणूस पहाटे चारपासून कढईत उलथणे फिरवितो, त्याचा खवा हा शब्द दुसऱ्या कोणत्याही पदार्थास वापरू देऊ नये. वनस्पतिजन्य पेयांना दुधाची नावे लावण्याविरुद्ध आपण २०२१ साली पाऊल उचलले होते. आता अस्सल दुग्धप्रथिन असूनही दूध नसलेला पदार्थ येत आहे, आणि त्यास स्वतःचे प्रामाणिक नाव शोधून देणे अगत्याचे आहे. नवा पदार्थ आपल्या गुणांवर उभा राहो. भूमच्या खव्याच्या पुण्याईवर नको. शिवाय या सूक्ष्मजीवांचे खाद्य साखर आहे आणि आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. दुधाचे उत्पन्न घटून टाक्यांचे वाढणार असेल, तर त्या नव्या व्यवसायात आमच्या तालुक्याचा वाटा कोणता, याचा विचार आत्ताच व्हावा. म्हशीला दावणीतून सोडविताना माणसाला वाऱ्यावर सोडणे हे मला अहिंसेत बसत नाही. यासंबंधीचा मसुदा आपण हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध कराल तेव्हा तो मराठीतही असावा, आणि खव्याच्या भट्टीवाल्यास, दुग्धत्याग्यास व कुंथलगिरीच्या श्रावकास आपापले म्हणणे मांडण्यास पुरेशी मुदत मिळावी, ही विनंती.

महोदय, पुढील दिवाळीस माझा पुतण्या पुन्हा गावी येईल आणि पंगतीत तोच प्रश्न पुन्हा विचारील. उत्तराचा अर्धा भाग मी शोधून ठेविला आहे. माझे व्रत दुधाशी नव्हते, एका टोणग्याशी होते, हे मी त्याला सांगेन. उरलेला अर्धा भाग, त्या चीजमागे खरोखरच कोणी बांधलेला नाही ना, हा आपल्या दप्तरात आहे. तो दाखला आपण द्यावा, आणि तो खरा असावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.



आपला नम्र,
एक दुग्धत्यागी नागरिक
तालुका भूम, जिल्हा धाराशिव